फवारणी पंप, ग्रास कटर सुरू होईना? मेकॅनिककडे नेण्याआधी प्लग काढून पाहा

पावसाने उघडीप दिली की एकाच वेळी सगळ्यांची फवारणी निघते, आणि नेमका तेव्हाच पाठीवरचा पेट्रोल पंप रुसतो. दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, मजूर बांधावर बसून राहतात. यातले बरेचसे बिघाड घरी, एका प्लग पान्यावर निघतात.

आधी एक खात्री करा. आपले इंजिन टू-स्ट्रोकच आहे ना? हल्ली फोर-स्ट्रोक पंपही आले आहेत. त्यांचे ऑईल वेगळे भरायचे असते. टू-स्ट्रोकला ऑईलची वेगळी जागा नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. नुसते पेट्रोल टाकून चालवले तर थोड्याच वेळात पिस्टन जाम होतो आणि खर्च थेट पिस्टन-सिलेंडरवर जातो. प्रमाण मशीनच्या पुस्तकात दिलेले असते. २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. टू-टी ऑईलच घ्या, ट्रॅक्टरचे काढलेले काळे ऑईल नको. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये हलवून मग टाकीत ओता.

सुरूच होत नसेल तर स्विच, पेट्रोलचा कॉक आणि चोक बघा. हसण्यासारखे वाटेल, पण बंद स्विचवर दोरी ओढणारे कमी नाहीत. मग प्लग काढा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. स्विच बंद, चोक उघडा आणि रेस पूर्ण ठेवून प्लगविना आठ-दहा वेळा दोरी ओढा. भोकातून पेट्रोल उडते, तोंड बाजूला ठेवा, बिडी-काडी लांब. प्लग पुसून वाळवून बसवा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर येतच नाही. टाकीतला फिल्टर, नळी किंवा कार्बोरेटर तुंबला असणार.

प्लगवर काळी काजळी म्हणजे ऑईल जास्त किंवा एअर फिल्टर घाण. प्लग पांढराफटक दिसला तर जास्त सावध व्हायला हवे. पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते आहे, इंजिन तापते आहे. असे मशीन बऱ्याचदा चोक अर्धा ओढल्यावरच नीट चालते, किंवा रेस सोडली तरी ओरडत राहते. कार्बोरेटरचे पॅकिंग किंवा क्रँकचे सील हवा घेत असते. कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसू नका आणि तसेच कामही ओढू नका, सरळ मेकॅनिककडे न्या. जाम झालेल्या इंजिनापेक्षा पॅकिंग कितीतरी स्वस्त.

मशीन सुरू होते, पाच-दहा मिनिटांत बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा चालते, ही तक्रार सगळ्यात जास्त चकवते. टाकीच्या झाकणाला हवेचे बारीक छिद्र असते. ते धूळ-चिखलाने बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली येणे थांबते. बंद पडताच झाकण सैल करून बघा. ‘फुस्स’ आवाज आला आणि मशीन चालू लागले, तर दोष झाकणाचाच.

ताकद कमी लागत असेल तर सायलेन्सर उघडून बघा. ऑईल जळून आत कार्बन साचतो, धूर बाहेर पडायला वाटच राहत नाही. थंड झाल्यावर लाकडी काडीने खरवडा. फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवून लावा. ग्रास कटरच्या सिलेंडरच्या पात्यांत गवताचा भुगा अडकतो, तोही काढा, नाहीतर इंजिन तापते.

दोरी अगदी हलकी लागली, दाबच जाणवला नाही, तर रिंग किंवा सिलेंडर गेले आहे. हे घरचे काम नाही.

हंगाम संपला की टाकीत पेट्रोल ठेवू नका. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ओलावा धरतो, आणि रबरी नळ्या व कार्बोरेटरचा पडदा खराब होतो. टाकी रिकामी करा, मग मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटरमधले उरलेले पेट्रोलही त्याने संपते.