मुक्काम आणि वेळ : बुलढाणा जिल्ह्यातील उतारूंचा इतिहास

उतारूने कधी यावे आणि कधी निघावे, हे बुलढाणा जिल्ह्यात पूर्वी यजमान ठरवत नसे आणि उतारूही ठरवत नसे. ते सूर्य ठरवी, गावची वेस ठरवी आणि पंचांगातली तिथी ठरवी. रेल्वे आली तेव्हा गाडीची वेळ त्यांच्या जोडीला आली. कुलूपबंद खोली भाड्याने देण्याची पद्धत रुळली तेव्हा किल्ली परत करण्याची वेळ आली. जुने नियम नव्यांच्या येण्याने संपले नाहीत. आजही शेगावात खोल्या देणाऱ्याला हे सगळे एकत्र सांभाळावे लागतात.

जिल्ह्याचे दोन भाग सरळ दिसतात. लोक त्यांना ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ म्हणतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा मुलूख अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट प्रदेश. बुऱ्हाणपुराकडून दख्खनेत जाणारी जुनी वाट मलकापुराकडून घाटाच्या पायथ्याशी येई आणि रोहिणखेडजवळ वर चढे. या वाटेचे महत्त्व एवढे होते की रोहिणखेडला १४३७ आणि १५९० अशा दोन मोठ्या लढाया झाल्या. लादलेले बैल घेऊन घाट चढायचा तो उजेडात. म्हणून संध्याकाळी पायथ्याशी उतरायचे आणि तांबडे फुटताच निघायचे, हे वेळापत्रक त्या भूगोलातच होते.

गावात शिरण्याची वेळही ठरलेली असे. गावकुसाची वेस रात्री बंद होई. दिवेलागणीनंतर आलेल्या परक्याला येसकराच्या चौकशीतून जावे लागे. येसकराचे काम महार वतनाचा भाग होते. गावात कोण आले, कोठून आले, कोणाकडे उतरले, कधी गेले याची खबर ठेवणे आणि वाटसरूला पुढच्या गावची वाट दाखवणे हे त्याच्याकडे असे. आजच्या लॉजमध्ये नोंदवहीत जे रकाने भरून घेतात, ते सारे त्याच्या स्मरणात असत. ज्या समाजाने गावाच्या पाहुण्यांची ही जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या वाहिली, त्याच समाजाच्या वाटसरूला मात्र चावडीच्या ओसरीवर किंवा धर्मशाळेत पाठ टेकता येत नसे. मुक्कामाच्या इतिहासातला हा अन्याय वगळून चालणार नाही.

मेहकरला हेमाडपंती बांधणीची जुनी दगडी धर्मशाळा आहे. अशा वास्तूत खांबांची ओसरी असते, खोल्या नसतात. खोली नाही तेथे कुलूप नाही, आणि कुलूप नाही तेथे निघण्याची वेळ ठरवण्याचे कारणही नाही. एक उतारू वळकटी गुंडाळून उठला की दुसरा त्या जागी आपली पसरतो. गर्दी झाली तर सारे सरकून बसतात. पुढे व्यापारी आणि दानशूर मंडळींनी बांधलेल्या धर्मशाळांत खोल्या आल्या आणि त्यांच्याबरोबर तीन दिवसांहून जास्त न राहण्याचा नियम आला. देशभरातल्या धर्मशाळांत हा नियम फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. घरगुती पाहुणचाराची मर्यादाही लोकांनी साधारण तेवढीच मानली होती : एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई. या म्हणीत पाहुण्यावर राग नाही. ज्या घरात धान्य मोजून रांधले जाते, त्या घराचा तो हिशेब आहे.

येण्याची मर्यादा वेस घाली, तर निघण्याची वेळ पुष्कळदा पंचांग सांगे. पूर्वेला सोमवारी-शनिवारी जाऊ नये, लेकीला बुधवारी सासरी पाठवू नये, अशा समजुतींमुळे पाहुण्याचा मुक्काम एखाद्या दिवसाने लांबे. यजमानही ते गृहीत धरी. यावर तोडगाही परंपरेनेच काढलेला होता. शुभ वेळ पहाटेची असेल आणि माणसाला प्रत्यक्षात दुपारी निघायचे असेल, तर ‘प्रस्थान ठेवत’. नारळ, सुपारी किंवा अंगावरचे एखादे वस्त्र मुहूर्तावर शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे. तेवढ्याने प्रवास सुरू झाला असे मानले जाई, आणि माणूस सोयीने निघे. शास्त्राची वेळ आणि सोयीची वेळ वेगळ्या असू शकतात हे मान्य करून दोन्ही पाळण्याची ही रीत होती. ती आखणाऱ्यांना प्रवासाची अडचण चांगली कळलेली होती.

दिवसाचे माप तेव्हा प्रहर आणि घटका यांत होते. अहोरात्राचे आठ प्रहर, साठ घटका, आणि एक घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यात सोडत, ते भरून बुडाले की घटका झाली. पण हे लग्नमुहूर्तासाठी. रोजच्या व्यवहारात ‘दिवस कासराभर वर आला’ एवढे सांगणे पुरे होई. पाहुणा अमुक मिनिटाला येईल अशी अपेक्षाच नव्हती, त्यामुळे उशीर झाला ही तक्रारही नव्हती.

हे बदलले ते घाटाखाली, १८६० च्या दशकात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा पुढे सरकला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचला. खामगाव तेव्हा वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ होती. तिच्यासाठी जलंबहून खास फाटा काढला, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. कापसाच्या हंगामात बैलगाड्यांच्या रांगाच्या रांगा खामगावात येत. माल विकून, मोजून, पैसे हातात पडेपर्यंत गाडीवानाला तेथून हलता येत नसे. त्याचा मुक्काम घड्याळावर नव्हे, वजनकाट्यावर अवलंबून होता.

रेल्वेचे घड्याळ मात्र कोणासाठी थांबत नव्हते, आणि ते गावचेही नव्हते. १८७० च्या सुमारापासून देशभरातल्या रेल्वेगाड्या मद्रास वेळेवर धावू लागल्या. शेगाव सुमारे ७६.७ अंश पूर्व रेखांशावर आणि मद्रास ८०.२५ अंशांवर. म्हणजे स्टेशनचे घड्याळ शेगावच्या सूर्यापेक्षा जवळपास १४ मिनिटे पुढे असे. मुंबईहून येणाऱ्याची अडचण याहून मोठी होती, कारण मुंबई शहराची वेळ रेल्वेच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास मागे होती. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई शहर आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत पाळत राहिले. त्या काळात ‘सकाळी सातला निघतो’ असे पत्रात लिहिताना कोणते सात, हे सांगणे आवश्यकच होते. मुंबईनेही प्रमाणवेळ स्वीकारल्यावर हा घोळ मिटला, पण सूर्याचे अंतर वाढले. शेगावची खरी दुपार आता घड्याळात सरासरी १२ वाजून २३ मिनिटांनी होते.

इंग्रजी अमलात मुक्कामाचे नियम प्रथमच लेखी झाले. डाक बंगल्यात उतरलेल्याचा हक्क २४ तासांचा. त्यानंतर नवा प्रवासी दारात आला तर आधीच्याने जागा सोडायची, कोणी आले नाही तर खुशाल राहावे. हा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यात आधीच्या उतारूला हाकलण्याचा हेतू नाही, दारात उभ्या असलेल्याची काळजी आहे. निघण्याच्या वेळेचे असे प्रामाणिक कारण नंतरच्या नियमावल्यांत क्वचितच दिसते. १८६७ च्या सराई कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सराईवाल्यांवर आणखी काही बंधने घातली. सराईची नोंदणी करणे, पहारेकरी ठेवणे, दरपत्रक लावणे, आणि दंडाधिकाऱ्याने मागितल्यास आदल्या दिवशी-रात्री उतरलेल्यांची माहिती देणे. येसकराच्या तोंडी चौकशीची जागा आता सरकारी कागदाने घेतली.

याच काळात शेगावचे रूप पालटले. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराज शेगावात प्रकट झाले अशी श्रद्धा आहे. बंकटलाल अग्रवाल यांच्या घरी त्यांचा मुक्काम झाला आणि दर्शनाला लोक लोटू लागले. शेगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या फेररचनेत खामगाव तालुक्याबरोबर ते बुलढाणा जिल्ह्यात आले. १९०८ मध्ये गजानन महाराज संस्थानची स्थापना झाली, ८ सप्टेंबर १९१० ला, ऋषिपंचमीला, महाराजांनी समाधी घेतली. दर्शन घेऊन परतण्याचे गाव आता दर्शनासाठी राहण्याचे गाव झाले.

धर्मशाळांची दारे सर्वांना उघडण्याची चळवळ त्यानंतरची. मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झालेल्या बोले ठरावात सर्वांना खुल्या करायच्या जागांत सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर धर्मशाळांचाही स्पष्ट उल्लेख होता. वऱ्हाडच्याच गाडगे महाराजांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. मुंबईत दूरगावच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावाने धर्मशाळा चालते. तेथे तीन दिवसांचा नियम लावता येत नाही, उपचार संपेल तो निघण्याचा दिवस. कोणासाठी घर उघडले आहे यावर वेळेचा नियम कसा बदलतो, याचे हे ठळक उदाहरण.

शेगावात आज संस्थानची भक्तनिवासे आहेत, आनंद विहार आणि विसावा ही संकुले आहेत. स्टेशनहून मंदिराकडे नेणाऱ्या बसगाड्या आहेत, आणि ठरावीक दिवस विनामोबदला राबणारे हजारो सेवाधारी आहेत. ही शिस्त उभी करण्यात संस्थानचे शिवशंकरभाऊ पाटील (निधन ४ ऑगस्ट २०२१) यांचा वाटा सर्वमान्य आहे. स्वच्छतेचा लौकिक पाहिला तर वेळेच्या नियमाचे खरे मोल कळते. एक कुटुंब खोली सोडते आणि दुसरे शिरते, त्यामधल्या वेळेतच झाडणे, पुसणे, चादरी बदलणे, मोरी धुणे होते. ती वेळ राखली नाही तर पुढच्याला मागच्याचा पसारा मिळतो.

गावात घराच्या खोल्या किंवा छोटे लॉज चालवणाऱ्यांचा पेच गाड्यांतून येतो. मुंबईहून रात्री सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेस, अमरावती एक्स्प्रेससारख्या गाड्या शेगावला उजाडण्याच्या आधी किंवा उजाडता उजाडता पोचतात. पहाटे चारला दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला दुपारी बाराची वेळ सांगणे जमत नाही. आंघोळ करून काकड आरती गाठणे हाच त्यांच्या येण्याचा हेतू. म्हणून तीर्थक्षेत्री ‘२४ तास’ पद्धत टिकली : ज्या वेळी किल्ली घेतली त्या वेळी दुसऱ्या दिवशी द्यायची. उतारूला ती न्याय्य वाटते, पण चालवणाऱ्याच्या खोल्या दिवसभर वेगवेगळ्या वेळी रिकाम्या होतात आणि सफाईवाल्या बाईला दिवसभर थांबावे लागते. दुपारी बाराची पद्धत उलट. सफाई एकाच वेळी आटोपते, पण पहाटे आलेल्याकडून आठ तासांसाठी दिवसाचे भाडे घेतले जाते किंवा त्याला ओसरीवर बसवावे लागते. यांतला मध्यम मार्ग अनेकांनी काढलेला आहे. पहाटे आलेल्यांना सामान ठेवायला आणि आंघोळीला जागा द्यायची, आणि खोली ती रिकामी झाल्यावर. रात्रीच्या गाडीने परतणाऱ्यांचे सामानही तसेच सांभाळायचे. हीच सोय जुन्या धर्मशाळेची ओसरी करीत असे.

तिथीचा पेच वेगळा आहे. प्रकटदिन माघ वद्य सप्तमीला, ऋषिपंचमी भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. अधिक मास येऊन गेला की पुढच्या सणांची तारीख गेल्या वर्षीपेक्षा जवळपास तीन आठवडे पुढे जाते. आगाऊ नोंदणी घेताना गेल्या वर्षीची तारीख धरून चालणाऱ्याची फसगत ठरलेली. घराघरांत १९७३ पासून लागलेल्या ‘कालनिर्णय’ने तारीख आणि तिथी एकाच चौकोनात आणली, आणि तिचा हा उपयोग यजमानांना पुरेपूर होतो.

मुक्कामाचे सर्वांत काटेकोर वेळापत्रक मात्र पायी चालणाऱ्यांचे आहे. शेगावची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. परतताना ती सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव अशी जिल्ह्यातून येते. दुपारचा विसावा कोठे, रात्रीचा मुक्काम कोठे, हे निघण्याआधीच ठरलेले असते. त्यामुळे एखादे छोटे गाव शेकडो वारकऱ्यांचे जेवण वेळेवर रांधू शकते. येणाऱ्याची वेळ पक्की असली की यजमानाला किती मोठे मन दाखवता येते, हे या गावांत दिसते.

घाटावर लोणारला पाहुणे वेगळे. उल्कापाताने झालेल्या या सरोवराला २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला, आणि अभ्यासक, विद्यार्थी, परदेशी प्रवासी तेथे येत असतात. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवणे यजमानावर बंधनकारक असते, मग ते हॉटेल असो की घरातली एक खोली. कडा उतरून सरोवराकडे जायचे तर सकाळची वेळ बरी, म्हणून मुक्काम आदल्या संध्याकाळपासून लागतो. समृद्धी महामार्गाने हे गणितही बदलू लागले आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ ला खुला झाला. मेहकर आणि सिंदखेड राजा त्याच्या वाटेवर आहेत. नागपूरहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघालेले कुटुंब सरोवर पाहून रात्री घरी पोचू शकते. त्यामुळे लोणारच्या यजमानाकडे काही तासांपुरती खोली मागणारे येऊ लागतात, आणि त्यांचे दर व वेळा त्याला आता नव्याने ठरवाव्या लागतात.