भीमाकाठचा निसर्ग-अभ्यासक : कर्नल साइक्स आणि मराठी माशांची नावे

१/ इंग्लंडमध्ये सेलबर्न गावी गिल्बर्ट व्हाइटचे ‘द वेक्स’ हे घर आहे. तेव्हाच्या केंटमध्ये चार्ल्स डार्विनचे ‘डाउन हाउस’. डार्विन तेथे १८४२ पासून १८८२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत राहिला. आज या दोन्ही वास्तू संग्रहालये आहेत. शिरूर-दौंडच्या इतिहासप्रेमीने असे स्थळ पाहावयाचे म्हटले, तर कोठे जावे?

२/ भीमेच्या काठी. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमले. काम फिरतीचे. पिके आणि लोकसंख्या यांच्या नोंदी घेताना त्याने प्राणी, पक्षी आणि मासेही नोंदवले.

३/ १८३१ मध्ये त्याने रानकुत्र्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘कोळसून’ हे मराठी नावही टिपले. १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची सूची आली आणि १८३९ मध्ये माशांची वर्णने.

४/ माशांना नावे देताना त्याने अनेकदा मराठी शब्दच उचलले. शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव ‘स्पेराटा सिंघाला’, शिंगटीचे ‘मिस्टस शिंगटी’. या नावांपुढे जगभर ‘साइक्स, १८३९’ असे लिहिले जाते. शब्द ज्यांच्या तोंडचे, त्या जाळे टाकणाऱ्यांची नावे मात्र त्यांत कोठेही नाहीत.

५/ त्याच्या लेखनात मुळा-मुठा ‘मोटा मोला’ होते आणि पेडगाव ‘पैरगाव’. पेडगाव म्हणजे दौंड तालुक्यासमोरचे, भीमेच्या पैलतीरावरचे गाव. साइक्सच्या अनेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. म्हणून एखाद्या जातीची ओळख पक्की करायची, तर संशोधकाला पुन्हा याच नद्यांवर यावे लागते.

६/ परंतु पुण्याचे सांडपाणी वाहून आणणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते. खाली १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण आहे आणि त्याच्या पाण्यात परदेशी तिलापिया फोफावला आहे. येथील मूळ मासा नाहीसा झाला, तर त्याच्या नावाचा पुरावाही त्याच्याबरोबर जाईल.

७/ डार्विनचे घर जपायला छप्पर दुरुस्त करावे लागते. साइक्सची अभ्यासिका जपायला नदी. तोवर इतके तरी करावे : घाटावरच्या वृद्ध मासेमाराला माशांची नावे विचारावीत आणि गाव, तारीख, छायाचित्र यांसह ती लिहून ठेवावीत. या वेळी सांगणाऱ्याचे नावही लिहावे.