बंदुकीचा धक्का आणि माणसाचा खांदा

बंदुकीचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक नळीच्या तोंडाकडे पाहून लिहितात. गोळी किती दूर गेली, किती वेगानें गेली, लागली तेथें तिनें काय केलें, याची मोजदाद त्यांच्या ग्रंथांत काटेकोरपणें केलेली आढळते. परंतु ज्या क्षणीं गोळी पुढें जाते त्याच क्षणीं बंदूक मागें येते, आणि तिच्या मागें एक जिवंत माणूस असतो, ही गोष्ट या मोजदादींत सहसा येत नाहीं. प्रत्येक क्रियेस तितकीच व उलट दिशेची प्रतिक्रिया असते हा न्यूटनचा नियम शाळेंतील मुलांसहि पाठ असतो. चांदमारीच्या मैदानावर तो खांद्यानें शिकावा लागतो. 'करावें तसें भरावें' ही म्हण इतक्या तात्काळ खरी ठरण्याचें दुसरें स्थळ क्वचितच सांपडेल.

हा धक्का सोसण्याची विद्या बंदुकीइतकीच जुनी आहे. तिचा इतिहास पाहिला म्हणजे शस्त्राची मर्यादा त्याच्या पोलादांत नसून माणसाच्या खांद्यांत, आणि त्याहूनहि अधिक त्याच्या मनांत आहे, असें दिसून येतें. प्रस्तुत लेखांत तो इतिहास, विशेषतः एकोणिसाव्या शतकांतील मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या अनुषंगानें, थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

युरोपांत पंधराव्या शतकांत ज्या जड हातबंदुका प्रचारांत आल्या, त्यांच्या नळीखालीं लोखंडाचा एक आंकडा बसविलेला असे. तटाच्या कठड्यावर तो अडकवून बार काढला म्हणजे मागें येणारा जोर भिंत सोशी. जर्मन भाषेंत या शस्त्रास 'आंकड्याची बंदूक' अशा अर्थाचें नांव पडलें, आणि त्याच नांवाचा अपभ्रंश होत होत 'आर्केबस' हा शब्द रूढ झाला. म्हणजे शस्त्राचें नांवच मुळीं धक्क्यावरील उपायावरून पडलें. आमच्याकडेहि किल्ल्यांच्या तटांवरील जेजाला व उंटांच्या पाठीवरील जंबुरे यांत हीच व्यवहारी दृष्टि दिसते. माणसाच्या खांद्यास जें झेपत नाहीं, तें दगडास, लांकडास किंवा जनावरास सोसावयास द्यावें. पुढें बंदूक हातांत घेऊन मैदानांत लढावयाचें ठरल्यावर तटाची भिंत बरोबर नेतां येईना, आणि तो भार माणसावर येऊन पडला. दस्ता छातीशीं धरावा कीं खांद्यास टेकवावा याविषयीं सोळाव्या शतकांत निरनिराळे प्रघात होते. अखेर खांद्याचा प्रघात टिकला. खांद्यामागें सबंध धड असतें, आणि आलेला जोर घेऊन तें थोडें मागें झुकूं शकतें.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आट्यांच्या नळीची बंदूक सामान्य शिपायाच्या हातीं आली आणि नेमबाजी हें एक शास्त्र झालें. १८५३ सालीं इंग्लंडांत हाइथ येथें सैनिकी नेमबाजीची शाळा निघाली, व १८६० च्या जुलैच्या २ तारखेस विंबल्डनच्या माळावर राष्ट्रीय रायफल संघाच्या पहिल्या स्पर्धा सुरू झाल्या. त्या दिवशींचा पहिला बार व्हिक्टोरिया राणीनें काढला. व्हिट्वर्थची बंदूक एका यांत्रिक टेकणीवर पक्की बसविलेली होती, नेम आधींच धरून ठेवलेला होता, आणि राणीनें फक्त चापास बांधलेली रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आंत गोळी लागली. यांत राणीच्या कौशल्याचा प्रश्न नव्हता. परंतु धक्का सोसावयास दुसरें कोणी असलें म्हणजे बंदूक किती अचूक असते, याचें तें उत्तम प्रात्यक्षिक होतें. पुढें ज्या लक्षावधि शिपायांनीं बार काढले, त्यांच्या वांट्यास ती टेकणी आली नाहीं.

त्यांच्या वांट्यास आली ती मार्टिनी-हेन्री. ब्रिटिश सैन्यानें ही बंदूक १८७१ सालीं स्वीकारली. तिच्या पाठीमागील यंत्ररचना फ्रीडरिख फॉन मार्टिनी याची व नळीच्या आंतील आट्यांची रचना एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री याची. दोघांच्या नांवांवरून तिचें बारसें झालें. नळीचा व्यास ०.४५ इंच, गोळी ४८० ग्रेन म्हणजे सुमारें ३१ ग्रॅम, तिच्यामागें ८५ ग्रेन काळी दारू, आणि बंदुकीचें वजन पावणेनऊ पौंडांच्या आसपास. गोळी सेकंदास सुमारें १,३५० फूट वेगानें निघे. येथें एक सोपें गणित करून पाहण्यासारखें आहे. गोळीचें वजन व वेग यांच्या गुणाकारास बंदुकीच्या वजनानें भागलें, म्हणजे बंदूक सेकंदास साडेदहा फुटांच्या वेगानें मागें येते असें उत्तर निघतें. नळींतून उसळणाऱ्या वायूंचा जोर यांत धरलेला नाहीं. तो धरल्यास हा आंकडा आणखी वाढतो. पावणेनऊ पौंडांचें हें वजन अशा वेगानें हांसळीच्या हाडाजवळ येऊन आदळणें, तेंहि एकदां नव्हे तर एकाच दिवसांत पन्नास-शंभर वेळां, याची कल्पना वाचकांनींच करावी.

शिवाय काळी दारू जळली तरी तिचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप होत नाहीं. कांहीं भाग धुराबरोबर निघून जातो, कांहीं नळीस चिकटून राहतो. दहावीस बार झाले म्हणजे नळी कोंदे, गोळी घासत जाई, आणि जो धक्का आरंभीं सोसवत होता तो असह्य होऊं लागे. थकलेल्या माणसास अधिक जोराचा मार द्यावा, असा जणूं या बंदुकीचा स्वभावच होता. घोडेस्वारांसाठीं तिची आंखूड व हलकी आवृत्ति काढली, तेव्हां तर तेंच काडतूस वापरणें अशक्य झालें. कारण बंदूक जितकी हलकी तितका धक्का मोठा. शेवटीं स्वारांसाठीं ४१० ग्रेन गोळीचें व ७० ग्रेन दारूचें निराळें काडतूस करावें लागलें. ही खांद्यापुढें गणितानें घेतलेली पहिली माघार होय.

१८७९ च्या जानेवारींत झुलू युद्धांत रॉर्क्स ड्रिफ्ट येथें सुमारें दीडशे ब्रिटिश सैनिकांनीं दुपारपासून रात्रभर तीन-चार हजार झुलूंशीं सामना दिला. त्यांनीं सुमारें वीस हजार काडतुसें उडविलीं. आपल्या देशावर चालून आलेल्या सत्तेशीं लढतांना शेंकडों झुलू तेथें पडले, हें त्या विजयाचीं गाणीं गाणारे बहुधा विसरतात. त्या रात्रीच्या वर्णनांत आणखी एक गोष्ट आढळते. नळ्या इतक्या तापल्या कीं हातास चटके बसत. उजवे खांदे काळेनिळे होऊन कांहीं जणांनीं बंदूक डाव्या खांद्यास लावली. शत्रूची गोळी न लागतांहि माणूस स्वतःच्याच शस्त्रानें जायबंदी होऊं शकतो, ही गोष्ट तेथें स्पष्ट झाली.

तथापि खांद्याची जखम हा या प्रश्नाचा लहान भाग होय. मोठा भाग मनाचा आहे. धक्का पुरता जाणवेपर्यंत गोळी नळीबाहेर पडलेली असते. म्हणून ज्या बाराचा धक्का असतो तो बार त्यानें फारसा बिघडत नाहीं. बिघडतो तो पुढचा. शरीर पहिला मार विसरत नाहीं. दुसऱ्या वेळीं चापावर बोट ठेवतांच डोळे मिटतात, खांदा आपोआप पुढें रेटला जातो, बोट चाप दाबण्याऐवजीं हिसडतें, आणि बार होण्यापूर्वींच नळीचें तोंड खालीं जातें. यालाच बिचकणें म्हणतात. भ्याड माणूसच बिचकतो अशी समजूत असेल, तर ती दोन प्रसिद्ध शिकाऱ्यांच्या कबुलीवरून दूर व्हावी. नाइलच्या उगमाचा शोध करणारा सॅम्युएल बेकर याच्याजवळ अर्धा पौंड वजनाचा स्फोटक गोळा फेंकणारी एक बंदूक होती. तिला तो लाडानें 'बेबी' म्हणे. परंतु ती उडवावयास आपण स्वतः भीत होतों, असें त्यानें मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. दुसरा फ्रेडरिक सेलूस. तरुणपणीं आफ्रिकेंत हत्तींच्या शिकारीसाठीं त्यानें चार बोअरच्या अवजड बंदुका वापरल्या. त्यांच्या धक्क्यानें आपल्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन पुढें हलक्या बंदुकीचा नेमहि बिघडूं लागला, त्या बंदुकांशीं आपला संबंध आला नसता तर बरें झालें असतें, असें त्यानें म्हटलें आहे. पिसाळलेल्या हत्तीसमोर पाय रोवून उभा राहणारा पुरुष दस्त्याच्या माराला बिचकतो, यावरून ही गोष्ट धैर्याची नसून संवयीची आहे, हें उघड होतें.

संवयीवर उपायहि संवयीचाच. चांदमारीच्या शिक्षकांनीं पिढ्यान् पिढ्या जे नियम सांगितले त्यांचें सार थोडें आहे. दस्ता हाडावर न टेकतां खांदा व छाती यांमधील मांसल खोबणींत घट्ट बसवावा. तो सैल धरला तर मधल्या अंतरांत बंदुकीस वेग मिळतो, आणि ढकलण्याच्या जागीं ठोसा बसतो. उभें असतां वजन किंचित् पुढच्या पायावर असावें, म्हणजे धड मागें झुकून जोर जिरवितें. पालथें पडून बार काढतांना धडास झुकावयास जागा नसते. म्हणून तेथें खांद्यास अधिक मार बसतो, व नवशिक्यास जड बंदूक त्या स्थितींत प्रथम देऊं नये. चाप हळूहळू व सारख्या जोरानें दाबावा, इतका कीं बार नेमका केव्हां होईल हें स्वतःसहि आधीं कळूं नये. क्षणच ठाऊक नसेल तर त्या क्षणाची भीति कोठून उपजणार? दुसऱ्या माणसानें न सांगतां कधीं खरें, कधीं पोकळ काडतूस भरून द्यावें, ही परीक्षा तर मोठी मार्मिक आहे. पोकळ काडतुसावर बार होत नाहीं, पण नळी मात्र खालीं डुचकते, आणि शिकणाऱ्यास आपला दोष आपल्याच डोळ्यांनीं दिसतो. आजहि नवशिक्यास प्रथम ०.२२ इंची हलकी बंदूक देतात, त्यांतील हेतु हाच. आधीं नेम अंगीं मुरावा, धक्का मागाहून यावा.

शिक्षणानें जें साधलें त्याहून अधिक रसायनशास्त्रानें साधलें. १८८४ मध्यें पॉल व्हिएय या फ्रेंच शास्त्रज्ञानें धूररहित दारू सिद्ध केली, व १८८६ मध्यें फ्रान्सनें तिच्यावर चालणारी ८ मिलिमीटरची लेबेल बंदूक स्वीकारली. इंग्लंडांत १८८८ मध्यें ली-मेटफर्ड व १८९५ मध्यें ली-एनफील्ड आली. तिची गोळी २१५ ग्रेन, म्हणजे मार्टिनीच्या निम्म्याहूनहि हलकी. वेग मात्र सेकंदास सुमारें २,००० फूट. मघांचेंच गणित करून पाहिल्यास बंदुकीचा मागें येण्याचा वेग साडेदहावरून सुमारें साडेसहा फुटांवर येतो, व धक्क्याची शक्ति निम्म्याहूनहि कमी होते. १९१४ मध्यें मॉन्स येथें ब्रिटिश पायदळानें मिनिटास पंधरा नेमके बार काढले. त्यांतील बरेंचसें श्रेय कठोर शिक्षणास असलें, तरी मार्टिनीच्या धक्क्यांत तसें शिक्षण पचविणें खांद्यास शक्य झालें नसतें.

परंतु हें सुख सर्वांस एकाच वेळीं मिळालें नाहीं. १८५७ नंतर हिंदी पलटणींस गोऱ्या पलटणींपेक्षां एक पिढी मागचें शस्त्र द्यावें, असें सरकारी धोरण होतें. १८८० च्या जुलैंत मैवंद येथें ६६ व्या गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी होती, तर तिच्याच बाजूस लढणाऱ्या मुंबई ग्रेनेडियर्सजवळ जुनी स्नायडर. गोऱ्यांस ली-मेटफर्ड मिळाल्यावर मार्टिनी हिंदी शिपायाकडे आली. १८९७ च्या सप्टेंबरच्या १२ तारखेस सारागढीच्या चौकींत ३६ व्या शीख पलटणीचे २१ शिपाई शेवटच्या माणसापर्यंत लढले, ते हीच बंदूक खांद्यास लावून. अविश्वासाचें राजकारण कागदावर लिहिलें जातें. त्याचा भार असा कोणाच्या तरी खांद्यावर पडतो.

हलक्या धक्क्याची आणखी एक किंमत निघाली. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत नवी बारीक गोळी शत्रूस जागच्या जागीं पाडीत नाहीं, अशी तक्रार झाली. तेव्हां कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांत, देहांत शिरल्यावर टोंकाशीं फुलून भयंकर जखम करणारी गोळी तयार करण्यांत आली. खांद्यावरील जो भार कमी झाला तो शत्रूच्या देहांत भरून काढावा, असा तो हिशेब होता. १८९९ च्या हेग परिषदेनें अशा गोळ्यांचा निषेध केला. तथापि मोठ्या जोराचा मोह कांहीं सुटला नाहीं. रणगाडे आले तेव्हां जर्मनांनीं १३ मिलिमीटरची मोठी बंदूक १९१८ मध्यें काढली. १९३७ मध्यें इंग्रजांनीं ०.५५ इंची 'बॉइज' काढली. पहिलीस धक्का आवरण्याची कांहींच सोय नव्हती. दुसरीस मागें सरकणारी नळी, वायु बाजूस वळविणारें तोंड व दस्त्यावर गादी, असे तीन उपाय असूनहि शिपाई तिच्या नांवानें बोटें मोडीत. कांहीं वर्षांतच रणगाड्यांचें पोलाद इतकें जाड झालें कीं, त्यास भेदील अशी बंदूक कोणाच्याहि खांद्यास पेलेना. तो मार्गच सोडून द्यावा लागला.

स्वतंत्र भारताच्या सैन्यानेंहि हा हेलकावा अनुभविला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील ७.६२ मिलिमीटरच्या बंदुकीनंतर १९९० च्या दशकांत ५.५६ मिलिमीटरची हलकी 'इन्सास' आली, आणि २०१९ मध्यें पुन्हां ७.६२ च्या जोरदार बंदुका विकत घेण्याचा करार झाला. जोर वाढवावा तर नेम ढळतो, नेम राखावा तर जोर घटतो. हा वाद पोलाद सुधारल्यानें मिटलेला नाहीं, कारण दस्त्याच्या मागचें हाड मार्टिनीच्या काळीं होतें तेवढेंच आजहि आहे. शस्त्राची परीक्षा करणारांनीं लक्ष्यावरील भोंकें मोजावींत हें योग्यच. पण संध्याकाळीं मैदानावरून परतणाऱ्या शिपायाचा सदरा उतरवून त्याचा खांदाहि एकदां पाहावा. पुष्कळशा चुकलेल्या नेमांचें कारण तेथें सांपडेल.