अथेन्सचा पश्चात्ताप व नीतिविचार

नीतिशास्त्र शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकास एक आक्षेप वारंवार ऐकावा लागतो. खरें बोलावें, कोणास पीडा देऊं नये, वडील माणसांचा मान राखावा, या गोष्टी आपण आईच्या मांडीवर शिकतों. शेजारपाजारच्या निरक्षर म्हाताऱ्या त्या आमच्याहून चोखपणें पाळतात. मग चांगलें म्हणजे काय आणि तें चांगलें कां, याची चिकित्सा करणारे जाडजूड ग्रंथ हवेत कशाला? हा आक्षेप पोरकट नाहीं. ज्या समाजांत रूढि अभंग आहे, जेथें मनाची शंका व जनाची रीत यांचा खटका उडत नाहीं, तेथें या ग्रंथांवांचून कोणाचें अडत नाहीं, हें मीहि कबूल करतों. परंतु केवळ चांगल्या मनावर विसंबून राहिलेल्या एका शहाण्या नगराची पुढें काय गत झाली, तें इतिहासांत नमूद आहे. आणि माझ्या मतें त्या आक्षेपास कोणत्याहि युक्तिवादापेक्षां ती हकीकतच अधिक चांगलें उत्तर देते.

इ. स. पू. ४३१ मध्यें अथेन्स व स्पार्टा यांचें युद्ध जुंपलें, तें मधला नांवापुरता तह धरून सत्तावीस वर्षें चाललें. दुसऱ्याच वर्षीं अथेन्सच्या कोटांत सांथ शिरली. तिचें वर्णन थ्यूसिडिडीस या इतिहासकारानें केलें आहे. तो स्वतः त्या दुखण्यांतून उठलेला असल्यामुळें त्याच्या लिहिण्यांत ऐकीव असें फार थोडें आहे. रोगाच्या लक्षणांहून त्यानें टिपलेलें दुसरेंच एक लक्षण मला अधिक भयंकर वाटतें. भाविक व नास्तिक सारखेच मरतात असें पाहिल्यावर लोकांस देवांचें भय राहिलें नाहीं. खटल्याचा निकाल लागेपर्यंत आपण जगूं अशी खात्री नसल्यामुळें कायद्याचें भय राहिलें नाहीं. दुसऱ्यानें रचलेल्या चितेवर आपलें प्रेत टाकून लोक चालते होत. वाडवडिलांपासून चालत आलेली रीत अशी बघतां बघतां उसवली. ४२९ मध्यें पेरिक्लीस वारला, आणि सभेला आवरून धरणारा एकमेव माणूसहि नाहींसा झाला.

आतां ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहिण्यास घेतला त्याकडे वळूं. लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी हें अथेन्सचें दोस्तनगर होतें. इतर अंकितांप्रमाणें खंडणी न भरतां स्वतःचें आरमार बाळगण्याची मुभा त्यास होती. ४२८ मध्यें तेथील कांहीं श्रीमंत घराण्यांच्या सरकारनें बंड पुकारलें. अथेन्सनें वेढा दिला. अन्न संपत आलें तेव्हां नगराच्या रक्षणासाठीं सामान्य लोकांस शस्त्रें वाटण्यांत आलीं. शस्त्रें हातीं येतांच त्या लोकांनीं, धान्याचे सांठे बाहेर काढा, नाहींतर आम्ही नगर शत्रूच्या स्वाधीन करतों, असें बजावलें; आणि ४२७ मध्यें मिटिलीनी शरण आली.

वार्ता अथेन्सला पोंचली तेव्हां सभा संतापानें बेभान झाली. मिटिलीनींतील सर्व प्रौढ पुरुषांची कत्तल करावी व बायकामुलांस गुलाम करावें, असा ठराव झाला. बंड कोणीं केलें आणि नगर कोणाच्या हट्टामुळें हातीं आलें, हा भेद त्या ठरावांत नव्हता. ठराव घेऊन एक गलबत सेनापति पॅचीस याच्याकडे रवाना झालें. रात्र गेली. दुसऱ्या दिवशीं मात्र लोकांच्या मनाला टोंचणी लागली. अपराध थोड्यांचा आणि मरण सबंध नगराला, हें फार झालें, असें जो तो म्हणूं लागला. मिटिलीनीच्या वकिलांनीं ही हवा ओळखली, आणि त्यांच्या खटपटीनें अधिकाऱ्यांनीं सभा पुनः भरविली.

या सकाळीबद्दल अथेन्सचें कौतुक करावें तेवढें थोडें आहे. भर युद्धांत, विजयाच्या धुंदींत, एखाद्या राष्ट्रानें स्वतःचा ठराव दुसऱ्याच दिवशीं पुनः तपासावयास घेतल्याचीं उदाहरणें इतिहासांत मोजकींच सांपडतील. मनें चांगलीं होतीं, यांत शंका नाहीं. पण त्या सभेंत बोललें काय गेलें, हें पाहण्यासारखें आहे. (थ्यूसिडिडीसनें भाषणें शब्दशः उतरून ठेविलेलीं नाहींत, प्रसंगाला अनुरूप अशीं तीं रचिलीं आहेत, हें त्यानें स्वतःच सांगून टाकिलें आहे, तरी वादाचा रोख त्यावरून कळतो.)

आदल्या दिवसाचा ठराव क्लीऑन याचा. हा माणूस कठोर होता, पण मूर्ख नव्हता. त्याचें म्हणणें असें कीं, तुमचें साम्राज्य म्हणजे जुलूमच आहे. अंकितांस तुम्ही आवडतां म्हणून नव्हे, तर ते तुम्हांस भितात म्हणून तें टिकलें आहे. आणि दया, सुंदर भाषणांची गोडी व उदारपणा हे तीन साम्राज्याचे घातक शत्रु होत. त्याला उत्तर देण्यास डायोडोटस नांवाचा एक गृहस्थ उभा राहिला. याचें नांव इतिहासांत या एका वादापुरतेंच येतें. हजारों निरपराध्यांचे प्राण ज्याच्या जिभेवर अवलंबून आहेत, तो वक्ता न्यायाची हांक मारील, दयेची भीक मागेल, अशी आपली अपेक्षा. डायोडोटसनें यांतलें कांहींएक केलें नाहीं. मिटिलीनी दोषी कीं निर्दोष हा प्रश्नच आपल्यापुढें नाहीं, आपण न्यायासनावर बसलेलों नाहीं, आपलें हित कशांत आहे एवढेंच पाहावयाचें आहे, असें त्यानें सांगितलें. मरणाच्या भयानें बंडें थांबत नाहींत. शरण गेलें तरी मरणच असें ठरलें, तर पुढचें बंडखोर नगर शेवटच्या दाण्यापर्यंत लढेल, आणि आपल्या हातीं खंडणी न येतां राख येईल. शिवाय सर्वत्र सामान्य जनता आपल्याला अनुकूल आहे, तिलाच मारलें तर तीहि श्रीमंतांस मिळेल. सारा हिशेब नफ्यातोट्याचा. मतें जवळजवळ बरोबरीनें पडलीं, आणि थोडक्यांत डायोडोटसचा पक्ष जिंकला.

लगेच दुसरें गलबत निघालें. पहिलें सुमारें एक दिवस व एक रात्र पुढें होतें. अशा लढाऊ गलबतावर वल्ह्यांच्या तीन ओळी आणि सुमारें १७० वल्हेकरी असत. मिटिलीनीच्या वकिलांनीं जवाचें पीठ व मद्य गलबतावर चढविलें, आणि वेळेवर पोंचाल तर मोठें बक्षीस देऊं असें कबूल केलें. वल्हेकऱ्यांनीं मद्य व तेल यांत मळलेलें पीठ वल्हीं मारतां मारतांच खाल्लें, झोंपहि पाळीपाळीनें घेतली. सुदैवानें वारा आडवा आला नाहीं. पहिल्या गलबतावरचे लोकहि त्या घाणेरड्या कामगिरीवर रेंगाळतच चालले होते. पॅचीस ठराव वाचून त्याच्या अंमलबजावणीच्या तयारीला लागला होता, इतक्यांत दुसरें गलबत बंदरांत शिरलें.

ही कथा शाळेंतल्या पुस्तकांत बहुधा येथेंच संपते. ती तेथें संपवूं नये. बंडाचे पुढारी म्हणून अथेन्सला पाठविलेल्या लोकांस क्लीऑनच्याच सूचनेवरून ठार करण्यांत आलें. थ्यूसिडिडीसच्या ग्रंथांत त्यांची संख्या हजाराहून थोडी अधिक दिली आहे. या आंकड्याविषयीं पंडितांत वाद आहे. नगराचा तट पाडला, जहाजें काढून घेतलीं, आणि जमिनीचे ३००० वांटे करून ३०० देवांस व बाकीचे अथेन्सच्या नागरिकांस दिले. जुने मालक त्या जमिनी खंडानें कसूं लागले.

आतां डायोडोटसच्या बाजूनें एक गोष्ट बोलली जाईल, आणि ती खोटी नाहीं. संतापलेल्या जमावाला जी भाषा समजते ती तो बोलला. न्यायाचें नांव काढतें तर मिटिलीनी वांचली नसती. चतुर वकील म्हणून मी त्याला नांवें ठेवणार नाहीं. परंतु हजारों नागरिकांच्या मनांत जी टोंचणी होती, ती भर सभेंत कोणालाच शब्दांत मांडतां आली नाहीं, ही गोष्ट मला त्या सबंध प्रसंगांत सर्वांत लक्षणीय वाटते. निरपराध्याला मारणें वाईट, हें सर्वांस वाटत होतें. पण कां वाईट, आणि तें तोट्याचें नसलें तरीहि वाईट कीं काय, हें सांगणारें वाक्य कोणाजवळ नव्हतें. द्यूतसभेंत द्रौपदीनें प्रश्न विचारला तेव्हां वृद्ध व ज्ञानी सभासद असेच निरुत्तर झाले होते. त्यांचीं मनें दुष्ट होतीं असें कोण म्हणेल?

अशा टोंचणीचें आयुष्य किती? ४२१ मध्यें स्कायोनी नगर पडलें. तेथील प्रौढ पुरुष मारले, बायकामुलें गुलाम केलीं. ४१६ मध्यें अथेन्सचें आरमार मेलॉस या छोट्या बेटावर उतरलें. मेलॉसनें बंड केलें नव्हतें. तें कधीं अथेन्सचें अंकित नव्हतेंच. तेथील पुढाऱ्यांनीं न्यायाची गोष्ट काढली तेव्हां अथेन्सच्या वकिलांनीं स्वच्छ सांगितलें कीं, न्याय हा तुल्यबळांत चालतो. एरव्हीं बळी तो कान पिळी. हिवाळ्यांत मेलॉस शरण आलें. पुरुषांची कत्तल झाली, बायकामुलें विकलीं, आणि रिकाम्या बेटावर ५०० वसाहतवाले नेऊन बसविले. या वेळीं दुसरी सभा भरली नाहीं, दुसरें गलबत निघालें नाहीं. आणि डायोडोटसचें शास्त्र प्रमाण मानलें तर तें कां निघावें? मेलॉसला मारण्यांत तोटा होता असें कोणीं दाखविलें नव्हतें. नफ्याच्या आधारावर उभी केलेली दया, आधार निघतांच खालीं आली.

हृदयें मेलीं होतीं असेंहि नाहीं. ४१५ च्या वसंतांत युरिपिडीसनें ट्रोजन स्त्रियांवरील आपलें नाटक रंगभूमीवर आणलें. त्यांत जिंकलेल्या नगराच्या बायकांचा आक्रोश आहे. त्या नाटकास दुसरें बक्षीस मिळालें. आणि त्याच वर्षीं, उन्हाळ्यांत, आरमार सिसिली जिंकावयास निघालें. त्याचा सर्वनाश कसा झाला तें प्रसिद्ध आहे. त्याचा येथें विस्तार नको.

या सबंध काळांत बाजारांत, व्यायामशाळांत, वाटेवर गांठून लोकांस प्रश्न विचारणारा एक गृहस्थ अथेन्समध्यें होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं त्याचें चरित्र मराठींत फार पूर्वीं आणलें, त्यामुळें सॉक्रेटीस आमच्या वाचकांस परका नाहीं. पण त्याची ती प्रश्नांची खोड या युद्धाच्या पार्श्वभूमीवर क्वचितच वाचली जाते. न्याय म्हणजे काय, धैर्य म्हणजे काय, हे प्रश्न रिकामटेंकड्याचे वाटतात खरे; परंतु मिटिलीनीच्या सभेंत नेमकें याच प्रश्नाचें उत्तर हवें होतें, आणि तें कोणाजवळ नव्हतें. ४०६ मध्यें आर्जिनूसीच्या आरमारी लढाईंत अथेन्सचा जय झाला, पण वादळामुळें बुडत्या खलाशांस वांचवितां आलें नाहीं. त्याबद्दल सेनापतींवर एकगठ्ठा खटला चालवून, परत आलेल्या सहाजणांस मारण्यांत आलें. त्यांत पेरिक्लीसचा मुलगा होता. अशी एकत्र चौकशी बेकायदा आहे म्हणून त्या दिवशीं सभेचें काम चालविणाऱ्या मंडळांतला सॉक्रेटीस शेवटपर्यंत अडून बसला. पुढें लोकांस याहि कृत्याचा पश्चात्ताप झाला. या खेपेस मात्र वाटेंत गांठतां येईल असें गलबत नव्हतें.

३९९ मध्यें त्याच नगरानें सॉक्रेटीसला मरणाची शिक्षा दिली. तुरुंगांतून त्याला पळवून नेण्याची तजवीज त्याचा जुना मित्र क्रिटो यानें केली होती. प्लेटोच्या संवादावरून दिसतें तें असें: मित्र घाईवर आहे, गळ घालीत आहे, मुलांची आठवण देत आहे, आणि सॉक्रेटीस मात्र विचारतो कीं, आजवर आपण जें मान्य करीत आलों, तें मरण दाराशीं आलें म्हणून बदललें काय? मग तो तें वाक्य बोलतो, जें डायोडोटसजवळ नव्हतें: अन्याय कोणत्याहि स्थितींत करूं नये, आपल्यावर झाला असला तरी उलट करूं नये. हें थोड्यांनाच पटेल, हेंहि तो लगेच सांगतो. तो पळाला नाहीं.

प्लेटो त्या वेळीं तिशीच्या आंत होता. पुढें त्यानें न्यायावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यांतला संवाद पायरीअस येथें, अथेन्सचें आरमार जेथें असे त्या बंदरांतील एका घरीं घडतो. पहिल्याच भागांत थ्रॅसिमेकस नांवाचा शिक्षक उसळून म्हणतो कीं, न्याय म्हणजे बलिष्ठाच्या हिताचें दुसरें नांव. मेलॉसच्या पुढाऱ्यांस जें ऐकावें लागलें तेंच हें. त्याला पुरतें उत्तर देण्यास प्लेटोला दहा भाग लागले.