कुलूप घातलेली मराठी

मुलांची एक चची भाषा असते. ‘मला’ म्हणायचे तर ‘चलाम’ म्हणायचे, ‘कुठे’ विचारायचे तर ‘चुठेक’. वडील माणसे शेजारी बसलेली असली तरी दोघी बहिणी या भाषेत आपली गुपिते खुशाल बोलून घेतात. शब्द मराठी, अक्षरेही मराठी. फक्त त्यांच्या जागा हललेल्या. पोरखेळ म्हणून आपण हसतो आणि सोडून देतो. परंतु वाचकहो, याच जातीच्या एका युक्तीने आपल्या भाषेतील अगदी जुने ग्रंथधन शतकानुशतके कुलपात ठेवले होते. आणि ते कुलूप उघडणाऱ्यांत आमच्या ठाण्यातील एक मिठाचा व्यापारी होता.

ही हकीकत महानुभाव पंथाच्या पोथ्यांची. तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, चक्रधरस्वामींनी लोकांच्या बोलीत उपदेश केला. त्यांच्या मागे म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते विचारून, स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. तेच ‘लीळाचरित्र’. पंथाचे आचार्य नागदेव यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. विद्वान शिष्य संस्कृतात लिहू लागला, तेव्हा आचार्यांनी त्याला थांबविले. का, तर पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायकांना मग त्यातले काय कळणार? म्हाताऱ्यांसाठी संस्कृत बाजूला ठेवणारा हा पंथ. त्यानेच पुढे आपले ग्रंथ गुप्त लिपीत घालावेत, ही इतिहासाची मोठी विलक्षण गंमत आहे.

त्याला कारणे होती. यादवांचे राज्य बुडाले, खलजींच्या फौजा आल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली आणि ते पुन्हा आठवणींवरून जुळवावे लागले, असे परंपरा सांगते. शिवाय वर्णाश्रमाचा कर्मठपणा न मानणाऱ्या या पंथाला विरोधकही पुष्कळ होते. मग सकळ, सुंदरी अशा लिप्या निघाल्या. त्यांत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा नवेच चिन्ह लिहीत. म्हणजे कुलपे दोन झाली. पोथी गुरूच्या हातूनच मिळायची, थेट कोणाला नाही. आणि चुकून परक्याच्या हाती पडलीच, तरी त्याला ती वाचता यायची नाही.

या कुलपांनी राखण चांगली केली, हे कबूल केले पाहिजे. पंथ पंजाबात आणि काबूलच्या वाटेवर गेला, तिथेही मराठी पोथ्या जपल्या गेल्या. बाहेरच्या माणसाला त्यांत भर घालायला वावच उरला नाही. परंतु किंमतही जबर पडली. जे वाचता येत नाही त्याविषयी लोक मनाला येईल ते बोलतात. ‘मानभाव’ म्हणजे महानुभाव. त्यावरून आपण ढोंगाला ‘मानभावीपणा’ म्हणू लागलो! शेकडो वर्षे एका पंथाची नालस्ती आपल्या कोशात शब्द होऊन बसली आणि तिला उत्तर देणारे ग्रंथ मात्र कुलपात होते. मराठीतील आद्य कवयित्री महदंबा. तिचे धवळे लग्नाची गाणी. पण मराठी घरांतल्या लग्नांतून ती कोणाच्या कानी पडली नाहीत.

विनायक लक्ष्मण भावे हे ते मिठाचे व्यापारी. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, त्याच्या संस्थापकांत ते होते. जवळच्या कल्याणात सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनच चालू होते. पुस्तक सर्वांच्या हाती पडावे, हाच या संस्थांचा ध्यास. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून आपल्या वाङ्मयाचा इतिहास मांडला. इकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, आणि भाव्यांनी १९१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत महानुभाव वाङ्मयाला मानाची जागा दिली. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी ते काम वाढविले. मराठीच्या बालपणाची कितीतरी पाने उजेडात आली.

आज माझ्या वर्गातील मुले संकेतस्थळे तयार करतात. ती मला विचारतात, “सर, आमच्या पानाचा कोड कोणाला दिसू नये, यासाठी काय करावे?” मी त्यांना सांगतो, वाचणाऱ्याच्या यंत्रावर जे उमटायचे ते त्या यंत्राकडे पाठवावेच लागते. नावे बदला, अक्षरे गुंतवा; ती तुमची सकळ लिपी झाली, चिकाटीचा राजवाडे ती सोडवणारच. खरोखरच जपायचे असेल ते आपल्या सर्व्हरवरच ठेवा आणि ओळख पटल्यावाचून दार उघडू नका. ती गुरूच्या हातची पोथी. दोन्ही कुलपे जुनीच आहेत.

लपविणे वाईट, असे मी म्हणणार नाही. संकटात लपविले म्हणूनच ते धन आपल्यापर्यंत आले. परंतु भय सरल्यावर किल्ली फिरविण्याची आठवणही कोणीतरी ठेवावी लागते. नाहीतर ज्या म्हाताऱ्यांसाठी ग्रंथ मराठीत लिहिला, त्यांच्याच नातींना तो परका होतो.