मिसेस मॉर्ली आणि मिसेस फ्रीमन



दोन वर्षांपूर्वी माझी पाठशाळेपासूनची मैत्रीण आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष झाली. पहिल्याच बैठकीत सहलीच्या हिशेबात तिची बेरीज चुकली आणि मी सगळ्यांसमोर ती दुरुस्त केली. बेरीज माझीच बरोबर होती. तरी त्या दिवसापासून आमच्यात काहीतरी अडलं ते अडलंच. मी मनाशी एकच म्हणत राहिले, खरं सांगायचं नाही तर मैत्रीण कशाला?

मग एकदा लेकीने मला ‘द फेवरिट’ हा २०१८ चा इंग्रजी सिनेमा दाखवला. त्यातलं सगळंच काही मला पटलं नाही. पण इंग्लंडची राणी ॲन आणि तिची मैत्रीण सारा डोक्यातून जाईनात. म्हणून मी खरा इतिहास शोधून वाचला. तोच आज तुम्हाला सांगते.

त्या काळी युरोपात शिकलेल्या पुरुषांचं एक ठाम मत होतं की खरी मैत्री पुरुषापुरुषांतच होते. फ्रान्सच्या माँटेनने १५८० मध्ये छापलेल्या आपल्या निबंधात लिहून ठेवलं की असा घट्ट बंध पेलण्याइतकं बायकांचं मन भक्कम नसतं. आपण घरोघरी ऐकतो ना, ‘चार बायका एकत्र आल्या की भांडणंच’, त्याचाच हा भारदस्त अवतार.

याला उत्तर दिलं ते कॅथरीन फिलिप्स नावाच्या एका गृहिणीने. लंडनच्या व्यापारी घरातली मुलगी, लग्न होऊन वेल्समधल्या कार्डिगन गावी गेलेली. इंग्लंडमध्ये तेव्हा राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध होऊन गेलं होतं. नवरा पार्लमेंटच्या बाजूचा, तिचं स्वतःचं मन राजाच्या बाजूला. अशा घरात राहून तिने मैत्रिणींचा एक गोतावळा जमवला आणि प्रत्येकीला नवं नाव दिलं. ती स्वतः ओरिंडा, ॲन ओवेन ही लुकेशिया, मेरी ऑब्री ही रोझानिया. बाहेर राजकारणाने माणसं फाटलेली असताना आत या नावांचं एक वेगळंच जग होतं, आणि मैत्री हाच तिच्या कवितांचा मोठा विषय होता. तिच्या प्रश्नांना उत्तर म्हणून जेरेमी टेलर या धर्मोपदेशकाने १६५७ मध्ये मैत्रीवर आख्खं पुस्तक लिहिलं. १६६४ साली देवीच्या रोगाने ती गेली, तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांची होती.

नावं बदलून बरोबरीचं जग उभं करायची ही रीत पुढच्या पिढीत थेट राजवाड्यात दिसते.

सारा जेनिंग्ज १६७३ मध्ये, तेरा वर्षांची असताना दरबारात आली. ॲन तिच्याहून सुमारे पाच वर्षांनी लहान, राजाची पुतणी. ॲन बुजरी, डोळ्यांनी अधू, आई लहानपणीच गेलेली. सारा देखणी, हुशार आणि तोंडाने फटकळ. १६८३ मध्ये ॲनचं लग्न डेन्मार्कच्या प्रिन्स जॉर्जशी झालं आणि सारा तिच्या खास महालातली मानकरी झाली. ॲनला मात्र मानकरी नको होती, मैत्रीण हवी होती. ‘युअर हायनेस’ ऐकून ती कंटाळली होती. तिने सुचवलं की पत्रांतून आपण दोन साध्या बायकांची नावं घेऊ. ॲन झाली मिसेस मॉर्ली आणि सारा झाली मिसेस फ्रीमन. ‘फ्रीमन’ म्हणजे मोकळं माणूस. आपल्या स्पष्टवक्त्या स्वभावाला शोभतं म्हणून हे नाव साराने स्वतः निवडलं.

आता कुणी म्हणेल, ही तर भातुकली. पण या भातुकलीने इंग्लंडचा इतिहास हलवला. १६८८ च्या नोव्हेंबरात ॲनचे वडील राजा दुसरा जेम्स यांच्याविरुद्ध बंड झालं. साराचा नवरा जॉन चर्चिल हा राजाचा सेनानी, तो राजाला सोडून विरुद्ध बाजूला गेला. दोघींना अटक होणार अशी चिन्हं दिसताच ॲन आणि सारा रात्रीच्या अंधारात मागच्या जिन्याने उतरून पळाल्या. पोटची मुलगीही आपल्याला सोडून गेली हे कळल्यावर राजा खचला. मैत्रिणीचा हात धरून उतरलेला तो जिना गादी बदलण्याच्या वाटेवरचाच होता.

नवी राणी झाली ॲनची थोरली बहीण मेरी. १६९२ मध्ये साराच्या नवऱ्याला नोकरीतून काढलं आणि मेरीने बहिणीला बजावलं, साराला दूर कर. ॲनने ऐकलं नाही. राजवाड्यातलं राहतं घर सोडलं, शरीररक्षक गेले, मान गेला, पण सारा राहिली. १६९४ च्या डिसेंबरात मेरी वारली, तोवर बहिणींची दिलजमाई झाली नाही. ॲनला सतरा वेळा दिवस गेले आणि एकही मूल मोठं झालं नाही. शेवटचा आधार असलेला मुलगा १७०० मध्ये अकराव्या वर्षी गेला. बाईच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या दुःखात सारा तिच्याजवळ होती.

१७०२ मध्ये ॲन राणी झाली. संधिवाताने पाय इतके सुजलेले की राज्याभिषेकाला तिला खुर्चीतून न्यावं लागलं. तिने साराला दरबारातली बायकांसाठीची सर्वांत मोठी पदं दिली. राणीचा पोशाख आणि राणीची खासगी तिजोरी दोन्ही साराच्या हाती आली, आणि राणीच्या दालनांची सोन्याची किल्ली कमरेला लागली. नवरा मार्लबरोचा ड्यूक आणि सेनापती झाला. १७०४ मध्ये ब्लेनहाइमची लढाई जिंकल्यावर त्याने खाणावळीच्या बिलाच्या पाठीवर घाईघाईने चार ओळी खरडल्या. त्या लिहिल्या बायकोला, की ही बातमी राणीला सांग. देशाच्या विजयाची खबर राणीपर्यंत मैत्रिणीच्या हातून पोचावी, एवढा तो धागा पक्का होता.

मग तुटलं कुठे?

बाईला त्या काळी मत नव्हतं, पार्लमेंटमध्ये जागा नव्हती. राजकारणात शिरायला तिला एकच दार होतं, कुणाची तरी बायको किंवा कुणाची तरी मैत्रीण असणं. साराला राजकारणाची खरी आवड होती आणि डोकंही होतं. ती व्हिग पक्षाची. ॲनचा ओढा चर्चला जपणाऱ्या टोरींकडे. सारा पत्रांवर पत्रं लिहून राणीला व्हिगांना मंत्रिपदं द्यायला सांगू लागली. राणी टाळू लागली की ही आणखी जोरात सांगे. तिच्या मते ती मैत्रीच निभावत होती. बाकी सगळे खुशामत करतात, मी एकटी खरं सांगते. फ्रीमन नाव उगाच घेतलं का?

दरम्यान ॲबिगेल हिल नावाची साराची गरीब नातलग राणीच्या सेवेत होती. तिला तिथे चिकटवलं होतं साराने स्वतः. ती मऊ बोलायची, दुखऱ्या पायांची काळजी घ्यायची. १७०७ मध्ये तिने गुपचूप लग्न केलं आणि त्या लग्नाला राणी हजर होती हे साराला मागाहून कळलं. सारा पेटली. १७०८ मध्ये विजयाच्या प्रार्थनेला जाताना राणीने साराने काढून ठेवलेले दागिने घातले नाहीत, यावरून वाटेत वाद झाला आणि चर्चपाशी साराने राणीला लोकांदेखत गप्प बसायला सांगितलं.

तरी माझं मन ज्या गोष्टीशी थांबलं ती पुढची आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रिन्स जॉर्ज वारला. पंचवीस वर्षांचा संसार संपला. सारा आली, तिने राणीला त्या घरातून हलवलं, व्यवहाराचं सगळं पाहिलं. आणि राणीच्या झोपायच्या खोलीतली नवऱ्याची तसबीर काढून नेली. डोळ्यांसमोर असली की रडू येणार, असा तिचा हिशेब. एवढ्या मोठ्या देशाच्या राणीला ती तसबीर परत मिळावी म्हणून मैत्रिणीला चिठ्ठी लिहून विनवावं लागलं.

इथपर्यंत मी साराच्या बाजूने वाचत होते. इथे मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

६ एप्रिल १७१० रोजी दोघी शेवटच्या भेटल्या, केन्सिंग्टनच्या राजवाड्यात. सारा रडत स्वतःची बाजू मांडत होती. आधी तिनेच लिहून कळवलं होतं की मला उत्तर नको, फक्त ऐकून घ्या. राणीने तोच शब्द धरला. काय सांगायचं ते लिहून कळवा, उत्तर नको म्हणालात ना, मग मिळणार नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. १७११ च्या जानेवारीत सोन्याची किल्ली परत गेली. तिजोरी ॲबिगेलकडे आली. वर्षाला दोन हजार पौंड द्यायची राणीची जुनी तयारी साराने १७०२ मध्ये नाकारली होती. आता तिने नऊ वर्षांचे अठरा हजार पौंड मागून घेतले. मैत्रीचा असा शेवटचा हिशेब झाला. १७१४ मध्ये ॲन गेली. दोघींनी पुन्हा एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

सारा पुढे तीस वर्षं जगली. १७४२ मध्ये तिने आपली कैफियत छापली आणि त्यातून ॲनचं एक चित्र लोकांच्या मनात बसलं, मंद, हट्टी, दुसऱ्याच्या तालावर चालणारी बाई. ते पुसून ॲन ही स्वतः निर्णय घेणारी राणी होती हे सांगायला इतिहासकारांना विसावं शतक उजाडावं लागलं. म्हणजे मैत्रीण दुरावली की तिची गोष्टही आपल्याच हातात उरते, आणि ती आपण आपल्याच सोयीने सांगतो.

माँटेन म्हणाला ते खोटं होतं, हे या दोघींनी सिद्ध केलं असं मला वाटतं. मन भक्कम नसतं तर ॲनने मैत्रिणीसाठी सख्ख्या बहिणीला सोडलं नसतं. मोडलं ते दुसऱ्याच कारणाने. नावाने दोघी बरोबरीच्या, पण एक राणी होती, आणि दुसरीला राणीवर हुकमत चालवायची सवय लागली होती. सारा हिशेबात चोख होती, एक दमडी तिने खाल्ली नाही. बहुतेक वेळा ती खरंही बोलत होती. आपल्याकडे मैत्रीभावनेच्या सोबतीला प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य सांगितलंय. एकटं खरं बोलणं पुरलं असतं तर आचार्यांनी बाकीच्या तिघींचं नाव कशाला घेतलं असतं?

मी सहलीची ती वही काल काढून पाहिली. बेरीज अजूनही माझीच बरोबर आहे. पण त्या महिन्यात तिच्या सासूबाई दवाखान्यात होत्या आणि ती रात्रभर जागून बैठकीला आली होती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

क्षमावाणीला आपण शंभर जणींना एकच संदेश पाठवतो. या वेळी तिला मी पाठवणार नाही. संध्याकाळच्या आधी तिच्या घरी जाऊन येणार आहे.