वाट पाहण्याचे मोजमाप

आज अनेक बँकांत आणि कचेऱ्यांत कर्मचाऱ्याच्या टेबलावर फक्त पडदा, कळफलक आणि माउस असतो. प्रत्यक्ष काम करणारा संगणक असतो दूरच्या एखाद्या इमारतीत. तेथून पडद्यावरचे चित्र तेवढे तारेवरून येते. या व्यवस्थेला आभासी डेस्कटॉप म्हणतात. तेथे एक तक्रार हमखास ऐकू येते. कर्मचारी म्हणतो, ‘‘फार हळू चालतंय हो.’’ सर्व्हर सांभाळणारा आकडे पाहून उत्तर देतो, ‘‘इथे तर सगळं ठीक दिसतंय.’’ गंमत अशी, की पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. हे कसे, ते समजून घेण्यासाठी आपल्याला साठेक वर्षे मागे जावे लागेल.

एक यंत्र, अनेक माणसे

१९५०च्या दशकात संगणक अतिशय महाग होता आणि त्याचा वेळ वाया जाऊ नये, ही सर्वांत मोठी काळजी होती. संशोधकाने आपला कार्यक्रम पंच कार्डांवर उतरवून चालकाच्या हाती द्यायचा आणि कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, उत्तर घ्यायला यायचे. एक स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! यंत्र कधी रिकामे बसत नसे. माणूस मात्र बसे.

नोव्हेंबर १९६१मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत, म्हणजे एमआयटीत, फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत चालवून दाखवली. एका संगणकाला अनेक टंकयंत्रे जोडली. संगणक प्रत्येकाचे काम क्षणभर करी आणि पुढच्याकडे वळे. माणूस विचार करायला जो वेळ घेतो, तेवढ्यात यंत्र इतर अनेकांची कामे उरकू शकते, यावर ही कालविभागणीची कल्पना उभी होती. मोठ्या संगणकांच्या या कामासाठी कोर्बातो यांना १९९०चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

पण लगेच प्रश्न आला : एका यंत्रावर किती माणसे बसवावीत?

शेर यांचा हिशेब

हा प्रश्न ॲलन शेर या एमआयटीतील विद्यार्थ्याने आपल्या पीएच.डी.साठी घेतला. त्यांना आठवड्याला चार तास संगणक मिळे आणि अभ्यासाला तो पुरत नसे. १९६२मध्ये त्यांनी एक युक्ती केली. सर्वांच्या पासवर्डांची फाइल छापून देण्याची विनंती कार्डावर छिद्रून शुक्रवारी रात्री ठेवून दिली आणि शनिवारी सकाळी छापील यादी उचलली! मग इतरांच्या वाट्याचा वेळही वापरला. ही गोष्ट पुढे अनेक वर्षांनी त्यांनीच सांगितली. संगणकाची कामगिरी मोजण्याच्या धडपडीतून पासवर्ड-चोरीचे एक अगदी जुने उदाहरण घडले, असे म्हणावे लागेल.

१९६५च्या प्रबंधात शेर यांनी खऱ्या वापरकर्त्यांची मोजमापे मांडली. एक उत्तर मिळाल्यापासून पुढची आज्ञा देईपर्यंत माणूस सरासरी ३५ सेकंद घेतो, असे त्यांना आढळले. या ‘विचारकाला’वरून आपणही हिशेब करू शकतो.

समजा, प्रत्येक आज्ञेला यंत्राचा १ सेकंद लागतो. एका माणसाचे चक्र झाले ३५ + १ = ३६ सेकंदांचे. म्हणजे ३६ माणसे अगदी ओळीने आली, तर कोणालाच थांबावे लागणार नाही. आता माणसे ६० केली. यंत्र सेकंदाला एकच आज्ञा पुरी करते, म्हणून प्रत्येकाची पाळी ६० सेकंदांनी येणार. त्यातले ३५ सेकंद विचारात जातात. उरलेले २५ सेकंद उत्तराची वाट पाहण्यात. ३६च्या पुढे प्रत्येक नवा माणूस सर्वांच्या प्रतीक्षेत एकेका सेकंदाची भर घालतो. प्रत्यक्षात माणसे ओळीने येत नाहीत, त्यामुळे थोडी वाट ३६च्या आधीही पाहावी लागते. पण आलेखाचा आकार तोच राहतो : आधी सपाट, मग एकदम चढ. इतक्या साध्या प्रतिकृतीने खऱ्या यंत्राचे वर्तन बरेच अचूक सांगता येते, हे शेर यांनी दाखवले.

दोन सेकंद की त्याहून कमी?

किती वाट पाहणे माणसाला चालते? आयबीएममधील रॉबर्ट मिलर यांनी १९६८मध्ये यावर निबंध लिहिला. कळ दाबल्याचा परिणाम सेकंदाच्या दहाव्या भागात दिसावा, विचारांची साखळी टिकायची तर उत्तर सुमारे २ सेकंदांत यावे आणि १५ सेकंदांहून अधिक लागले तर संवाद संपलाच समजा, असे त्यांचे म्हणणे होते.

बरीच वर्षे २ सेकंदांचे माप चालले. १९८२मध्ये आयबीएमच्याच वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद ठडानी यांनी त्याला धक्का दिला. उत्तराला ३ सेकंद लागत तेव्हा माणूस तासाला १८० व्यवहार करी, ०.३ सेकंद लागत तेव्हा ३७१. भागाकार करून पाहू या. पहिल्या वेळी एका व्यवहाराला २० सेकंद पडतात, दुसऱ्या वेळी सुमारे ९.७. यंत्राने वाचवले २.७ सेकंद, पण माणसाचे वाचले १०.३! याचा अर्थ, यंत्र रेंगाळले की माणसाची तंद्री तुटते आणि पुढची आज्ञा आठवायलाही त्याला जास्त वेळ लागतो. शेर यांचा विचारकाल हा काही स्थिर आकडा नव्हता.

सर्व्हरला न दिसणारा उशीर

१९८०च्या दशकात प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक आला आणि वाटले, की हा प्रश्न मिटला. पण हजारो संगणक सांभाळणे जड जाऊ लागले, तशी मध्यवर्ती यंत्राची कल्पना परतली. १९८९मध्ये स्थापन झालेल्या सिट्रिक्स या कंपनीने विंडोजचा पडदा दूरवर पाठवण्याचे काम हाती घेतले. २००६च्या सुमारास व्हीएमवेअरने पूर्ण डेस्कटॉपच सर्व्हरवर नेला.

आता मोजमाप अवघड झाले. सर्व्हर आपले काम संपवतो आणि ‘झाले’ अशी नोंद करतो. चित्र मात्र अजून तारेवरच असते. तार अपुरी पडली, तर मधली काही चित्रे गाळलीही जातात. सर्व्हरवर चालणाऱ्या चाचणीला हे कळतच नाही, उलट काम भराभर झाले असेच ती सांगते. कोलंबिया विद्यापीठातील जेसन निए, एस. जे यांग आणि नेओमी नॉविक यांनी यावर साधा तोडगा काढला. चाचणीतल्या दोन चित्रांच्या मध्ये मुद्दाम थांबा ठेवायचा, म्हणजे प्रत्येक चित्र पूर्ण पोचते. मग तारेवरची वाहतूक बाहेरून पाहून, कळ दाबल्यापासून चित्राचा शेवटचा तुकडा येईपर्यंतचा वेळ मोजायचा. या संथगती पद्धतीवरचा त्यांचा निबंध २००३मध्ये प्रसिद्ध झाला. यातील नॉविक पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आल्या.

काही उशीर मात्र कोणालाच टाळता येत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाऊन येऊन ०.०७ सेकंद लागणारच, मग सर्व्हर कितीही वेगवान असो.

सरासरीचा चकवा

सुरुवातीच्या तक्रारीकडे परत येऊ. समजा, शंभर वेळा कळ दाबली. ९५ वेळा उत्तर ०.१ सेकंदात आले, ५ वेळा ४ सेकंद लागले. सरासरी निघते ०.२९५ सेकंद, अहवालात हा आकडा उत्तम दिसेल. पण कर्मचाऱ्याच्या लक्षात राहतात ते पाच खोळंबे. म्हणूनच आज सरासरीबरोबर सर्वांत हळू ५ टक्के प्रसंगही वेगळे पाहतात आणि मोजमाप सर्व्हरपाशी न थांबता वापरणाऱ्याच्या पडद्यापर्यंत नेतात.

हा प्रयोग शाळेत सहज करता येईल. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी प्रत्येक विद्यार्थ्याने रांगेत किती सेकंद घालवले, ते लिहून ठेवावे. सरासरी काढावी आणि सर्वांत जास्त थांबलेल्या पाच जणांचे आकडे तिच्याशेजारी मांडावेत. नळ सुट्टीभर अखंड वाहत होता, असेही आढळेल. मग वर्गाला विचारावे : नळाची व्यवस्था चांगली आहे का, हे यातल्या कोणत्या आकड्यावरून ठरवाल?